उन्हाळ्यातली कळलावी

आमच्या गावात कळलावी कुठे होती हे सांगण्यापेक्षा कुठे नव्हती हे सांगणं सोपं आहे. घरात नव्हती. बाकी सगळीकडे होती. अड्याळचा रस्ता सोडून तळ्याच्या बाजूला वळलं की आमचं गाव लागतं. त्या तळ्याच्या पाळीवर ती होती, पाळीखालच्या बोरीबाभळींत होती, धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, वेगळं करणाऱ्या धुऱ्यांवर होती, आणि सगळ्यात जास्त होती ती घराघरांमागच्या सांदवाडीच्या काटेरी कुंपणांवर. पावसाळा बसला की कोंब वर यायचा. पानाचं टोक सुतासारखं वळलेलं असायचं, त्या टोकानं काट्याला, काडीला, जे सापडेल त्याला धरत ती वर चढायची आणि पोळ्याच्या सुमारास सगळं कुंपण पेटल्यासारखं दिसायचं. फूल उमलताना हिरवट पिवळं, मग शेंदरी, शेवटी लालभडक, आणि पाकळ्या सगळ्या वर उलटलेल्या. नागपूरहून पाहुणे आले की बघत उभे राहायचे. आम्ही पोरी मात्र त्या फुलाला हात लावत नसू. विषारी असते हे एक कारण, आणि घरात आणली तर भांडणं होतात हे मायचं दुसरं कारण. आमच्या घरात ती न आणताही भांडणं होत, पण हे मायला सांगायची सोय नव्हती.

ती घरात यायची ती एकाच कामासाठी. बाई अडली की कळलावीचा कंद उकरायचा, पाट्यावर पाण्यात उगाळायचा, आणि तो लेप बाळंतिणीच्या तळपायांना लावायचा. मूल बाहेर आलं की त्याच क्षणी पाय धुऊन काढायचे, नाहीतर वेल रक्त ओढत राहते असं बाया म्हणत. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो. त्यातला एकच फाटा मोडून घ्यायचा, दुसरा परत त्याच खड्ड्यात पुरायचा, म्हणजे पुढच्या पावसाला वेल पुन्हा वर येते. आणि दुसऱ्याच्या कुंपणावरची वेल विचारल्याशिवाय उकरायची नाही. एवढे नियम होते, आणि ते सगळ्यांना पाठ होते.

आज माझी लाखनीला हायवेच्या कडेला रोपवाटिका आहे. ट्रकांची धूळ बसते, म्हणून रोपांना दिवसातून दोनदा पाणी मारावं लागतं. मी कळलावी कुंडीत लावून विकते आणि ती चांगली खपते. गाडीतून उतरलेली माणसं विचारतात, ही रानात फुकट मिळत नाही का हो? मी सांगते, मिळते, शोधा. झाडांची पाहणी करणारे कॉलेजचे लोक मध्यंतरी आले होते. त्यांनी मला समजावलं की ही वेल आफ्रिकेपासून आपल्याकडे सगळीकडे पसरलेली आहे, दक्षिणेत तर औषधासाठी तिची शेती होते, आणि धोक्यातल्या झाडांच्या जगाच्या यादीत ती काळजी करण्यासारखी नाही. तसं असेल. जग मोठं आहे. मला माझ्या गावाच्या शिवेपुरतं माहीत आहे, आणि तेही एका उन्हाळ्यामुळे.

त्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण, सुलूबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाबा तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं गोळा करायच्या ठिकाणी, गेले होते, साकोलीच्या पलीकडे जंगलात, तिथून निरोप येणं नाही की जाणं नाही. घरात माय, सुलूबाई आणि मी. मी नववीची परीक्षा देऊन मोकळी होते, म्हणजे पाणी आणणं, शेण काढणं, मोहफुलं वेचणं आणि वाळत घालणं या सगळ्याला मोकळी होते. अंगणभर मोहफुलं पसरलेली असत आणि त्यांचा तो गोड, जड वास पहाटेपासून घरात भरून राही. सुलूबाईला त्या वासानं मळमळायचं. ती नाकाला पदर लावून ओसरीवर बसायची आणि माय तिच्यासाठी तांदळाची पेज आटवायची. लाखोळीची डाळ पोटात धरते म्हणून तिला द्यायची नाही, आणि तिला तर तीच हवी असायची. मग मी माझ्या ताटातली लाखोळीची घट्ट डाळ भाकरीत गुंडाळून तिला न्यायची.

"मायनं पायलं तं दोघींचीबी पूजा होईल," सुलूबाई खात खात म्हणायची.

"तुयी नाई होणार. तू पोटुशी हायस. मायीच होईल."

"मंग तुले काहून भेव वाटते? तुले सवय हाये."

ती अशीच बोलायची. सासरी तिला हसायला फार मिळत नसावं, ते सगळं ती आमच्याकडे आल्यावर वसूल करायची. नर्सबाई येऊन सांगून गेल्या होत्या की पोट मोठं आहे, पाय सुजलेत, दिवस भरायच्या आत अड्याळच्या दवाखान्यात आणून ठेवा. माय हो म्हणाली होती. पण माझी आई हो म्हणते तेव्हा तिचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो, हे नर्सबाईंना कुठून ठाऊक असणार.

कळा आदल्या दिवशी संध्याकाळी सुरू झाल्या आणि उजाडलं तरी काही सुटका नव्हती. सुलूबाईचा आवाज बदलला होता. आधी ती मायला हाका मारत होती, मग कोणालाच मारत नव्हती, नुसती घशातून हुंकारत होती. गिरजा आजीनं, आमच्या गावच्या सुईणीनं, पुन्हा एकदा पोट चाचपलं आणि हात पुसत बाहेर आली. ती मोतीबिंदूनं निम्मी आंधळी झाली होती, पण हातानं तिला कळायचं.

"लेकरू आडवं हाये, चंद्रा," ती मायला म्हणाली. "आता मायाच्यानं नाई होत. अड्याळले ने इले."

"नेतो. पण कळलावी लावल्याबिगर मी इले शिवेभायेर नेत नाई."

"अवो, टाइम नाई."

"मायी बहीण तशीच नेली होती. बिना लावल्यानं. अर्ध्या वाटेत बैलगाडीतच गेली. तुमीच होत्या ना संगं?"

गिरजा आजी ओसरीच्या कडेला टेकली. ती होतीच संगं. ती मावशी मी कधी पाहिली नव्हती, पण तिची गोष्ट आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. तेव्हापासून आमच्या गावात असं ठरूनच गेलं होतं की अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं तर लेप लावून न्यायचं. डॉक्टर काय करतील ते करोत, वेल आपलं काम करेल. देवराव काका ट्रॅक्टर घेऊन दारात आलेच होते. ट्रॅक्टर त्यांच्या मालकाचा, विटा आणायला अड्याळच्या पुढे जायचा होता. ट्रॉलीत धानाचं तणस टाकून त्यांनी जागा केली होती.

"वैनी, मालक शिव्या देऊन राहिला. लवकर करा."

माय माझ्याकडे वळली. "शोभे, सब्बल घे. आपल्या कुपाटीतली आण. पळ."

मी सब्बल, लोखंडी पहार, घेऊन मागे पळाले आणि सांदवाडीत जाऊन उभी राहिले. उन्हाळ्यात कळलावी नसते. म्हणजे असते, पण जमिनीच्या आत. दिवाळीपर्यंत वेल वाळून जाते, काडीही उरत नाही, आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत वर काहीही दिसत नाही. ती कुठे होती हे लक्षात ठेवून खणावं लागतं. माझ्या लक्षात होतं, कुंपणाच्या कोपऱ्यात, करवंदीच्या खाली. पण करवंदी नव्हती. कुंपणच नव्हतं. हिवाळ्यात बाबांनी सगळी काटेरी कुपाटी उपटून जाळली होती आणि लोखंडी खांब रोवून तार ओढली होती. डुकरं येतात, तार पक्की. आम्ही सगळेच त्या तारेवर खूश होतो. मी अंदाजानं एका खांबाच्या बुडाशी सब्बल मारली. माती दगडासारखी, सब्बल उलट हाताला झिणझिण्या आणत परत येत होती. मग दुसऱ्या खांबाशी, मग मधे. राख निघाली, जळक्या मुळ्या निघाल्या, विटांचे तुकडे निघाले.

शेजारच्या पार्बताकाकू तारेपलीकडून बघत होत्या. मी त्यांना ओरडून विचारलं, "काकू, तुमची कळलावी कुठी हाये?"

"आमची? आमची तं दोन सालापासून निंगालीच नाई वो. बोअर मारलं ना तठी." त्या घाबरून माझ्याकडे पाहू लागल्या. "तुमची हाये म्हनून मी बिनघोर होतो."

"आमचीबी नाई."

"बापा! मंग भुरेंच्या कुपाटीत पाह्य. त्याइची खूप होती."

भुरेंच्या घरी म्हातारी होती. ती म्हणाली, आमचा पोरगा तारेचं कंपाउंड करून राहिला, पण पाळीवर कायची कमी आहे पोरी, पाळीवर जा. मी पाळीवर गेले. पाळ त्याच साली मशीन लावून उंच केली होती, वर लाल मुरूम टाकून रोलर फिरवला होता. ती इतकी गुळगुळीत होती की मी त्यावरून चपला हातात घेऊन धावले. पाळीवर गवताचं पातं नव्हतं. खाली तळ्यात उरलेल्या पाण्यात दोघी जणी फडक्यानं झिंगे धरत होत्या. त्यांना विचारलं तर एक म्हणाली, "कळलावी? घरोघरी हाये ना वो."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. घरोघरी आहे. प्रत्येक घराला वाटत होतं की आपली गेली तर काय, दुसऱ्यांची आहे. त्या सकाळी मी गावातल्या जवळजवळ सगळ्या कुंपणांशी जाऊन आले आणि प्रत्येक बाईनं मला दुसरीचं घर दाखवलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. कोणी ती तोडून विकली नव्हती, कोणाला तिचा राग नव्हता. तार आली, बोअर आलं, पाळ पक्की झाली, आणि हे सगळं हवंच होतं. पावसाळ्यात फुलं कमी दिसली असतील, पण फुलं कोण मोजतं. ज्या वेलीला आपण हात लावत नाही तिच्याकडे आपण बघतही नाही.

शेवटी मी धुऱ्यांकडे गेले. आमच्या बांधीच्या टोकाला जांभळाखाली ती नक्की होती, तिथे धान कापताना माझ्या पायात वेल अडकली होती. मी दोन्ही हातांनी खणलं. सब्बलेनं, मग दगडानं, मग नखांनी. खाली पोकळी लागली. आत साळिंदरानं उकरून खाल्ल्याच्या खुणा, आणि कंदाची नुसती साल. मी ती साल हातात घेऊन बसले. ऊन चढलं होतं. गावातून सुलूबाईचा आवाज इतक्या लांब येणं शक्य नव्हतं, पण मला तो ऐकू येत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मधेच येईनासा होत होता. मग हॉर्न वाजला. देवराव काकांनी लांबलचक हॉर्न दिला, मग परत दिला. ते निघणार होते.

जांभळापासून थोड्या अंतरावर मुरमाड जागेत शतावरीचं जाळं होतं, काटेरी, वाळकं, पण दिसण्यासारखं. मी ते उपटलं. मुळांचा झुबका वर आला, पांढरी, बोटाएवढी मुळं. त्यातली जाड दोन तोडली, ओढणीत बांधली आणि पळाले. मी फार विचार केला असं मुळीच नाही. मायला वेल पाहिजे होती, सुलूबाईला ट्रॅक्टर पाहिजे होता.

घरात शिरताच मी ओरडले, "भेटली!" आणि कोणी जवळ यायच्या आत मागच्या पाट्याशी बसून मुळं ठेचली, वाटली, पाणी घालून पांढरा लगदा केला. मग राखेनं हात घासून धुतले, परत घासले, सगळ्यांना दिसेल असे, कारण कळलावीनंतर तसे धुतात. गिरजा आजीनं वाटी नाकाशी नेली. मला वाटलं, संपलं. ती वाटी मायकडे देत म्हणाली, "लाव." तिला कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मायनं लेप लावला. दोन्ही तळपायांना, बोटांच्या बेचक्यांत, टाचांना, भिंत सारवावी तसा. मग आम्ही सुलूबाईला खाटेसकट ट्रॉलीत चढवलं. शिव ओलांडताना मायनं हात जोडले आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. मला मात्र प्रत्येक खड्ड्याला वाटत होतं की आता जाते ही.

अड्याळच्या डॉक्टरांनी ट्रॉलीतच पाहिलं, सुई दिली आणि लगेच त्यांच्या गाडीतून आम्हाला भंडाऱ्याला धाडलं. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सुलूबाईला चाकाच्या खाटेवर ठेवलं तेव्हा तिच्या लुगड्यातून रक्त खाली ठिबकायला लागलं होतं. ते मायनं पाहिलं. आणि ती खाली वाकून सुलूबाईचे पाय धरून बसली.

"वेल ओढून राहिली! पाणी आण, शोभे, पाणी!"

नळ जवळच होता. मी पाणी आणलं. तिनं पदर भिजवून तळपाय घासायला सुरुवात केली. लेप वाळून पापुद्रा झाला होता, तो लगेच निघाला, तरी ती घासत राहिली. मग नखांनी. रक्त थांबत नव्हतं आणि तिचे हात थांबत नव्हते. आतून नर्स धावत आली. "बाई, सोडा, ऑपरेशनला न्यायचंय!" एका माणसानं खाट डोक्याकडून ओढली. माय पायाकडून सोडेना. खाट अर्धी दारात, अर्धी बाहेर.

"निंगत नाई वो, बाई, थांबा जराशाक, निंगत नाई! ते धुतल्याबिगर रगत थांबत नाई!"

"अहो, ती मरेल!"

"तेच तं म्हणून राहिलो!"

माझी आई अंगानं किरकोळ होती, पण त्या माणसाला ती खाट तसूभरही ओढता आली नाही. सुलूबाईचं डोकं एका बाजूला कलंडलं होतं, ओठ पांढरे. मी मायच्या समोर जाऊन तिची दोन्ही मनगटं धरली.

"माय, ते कळलावी नोहे."

ती ऐकेना. मी परत म्हटलं, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन. "कळलावी नाई भेटली मले. कुठीच नाई भेटली. म्या शतावर लावाले देल्ली तुले. तिच्या पायाले काईच नाई. सोड."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तरी मला चाललं असतं. तिची बोटं एकेक करून सुटली, आणि खाट दारातून आत गेली. दार बंद झालं. माय तिथेच फरशीवर बसली, भिजलेला पदर मांडीवर घेऊन. मला म्हणाली, "शतावर?" मी हो म्हटलं. तिनं पदर पिळला आणि दाराकडे तोंड फिरवलं. कोणी येऊन रक्त द्यायला कोण आहे असं विचारलं तेव्हा उठली, हात पुढे केला आणि परत येऊन बसली.

मूल वाचलं नाही. मुलगा होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आधीच गेलेला होता, आणखी थोडा उशीर झाला असता तर बाईही हाती लागली नसती. आणखी थोडा म्हणजे किती, हे मी त्यांना विचारलं नाही. कुंपणाकुंपणाशी गेलेली ती सकाळ माझ्याजवळ होती, ती पुरेशी होती. बाबांना निरोप लागून ते आले तेव्हा त्यांच्या अंगाला अजून पानांचा वास येत होता. ते खाटेच्या बाजूला उभे राहिले आणि काय करावं ते न कळून सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

सुलूबाई पूर्ण शुद्धीवर आली तेव्हा खोलीत दुपारचं ऊन होतं. तिला मुलाचं सांगितलेलं होतं. ती रडली नाही. अगदी हळू म्हणाली, "माय, मले कळलावी लावली होती का वो? का तशीच आणली?"

मी खिडकीशी होते. माझी आई जन्मात धड खोटं बोलू शकली नव्हती, तिचं खोटं शेजारच्या घरापर्यंतही पोचत नसे.

"लावली होती," माय म्हणाली. "शोभीनं आणली. चांगली मोठी होती."

"अन् धुतली?"

"मी माया हातानं धुतली, बाई. घासू घासू धुतली."

सुलूबाईनं डोळे मिटले. मायनं पायथ्याची चादर ओढून तिचे तळपाय झाकले. त्यांची सालं निघालेली होती.